'आत्मन्' ते 'आपण': एका संस्कृत शब्दाच्या दोन वाटा

धागा: वर्णविचार

'आत्मा' आणि 'आपण' हा मुळात एकच शब्द आहे, असं म्हटलं की ऐकणाऱ्याला ते ओढूनताणून जुळवल्यासारखं वाटतं. एक शब्द कीर्तनातला, दुसरा रोजच्या बोलण्यातला. पण भाषाशास्त्रात यावर वाद नाही. संस्कृत 'आत्मन्' आपल्याकडे दोनदा आला. एकदा प्राकृतातून झिजत, तोंडातोंडी, तो झाला 'आप, आपण, आपला'. दुसऱ्यांदा पोथीतून जसाच्या तसा, तो 'आत्मा'. पहिला तद्भव, दुसरा तत्सम.

धागा काढण्याचं कारण वेगळं आहे. मराठी 'आपण', हिंदी 'आप', बंगाली 'आपनि', सिंधी 'पाण', काश्मिरी 'पनुन' या सगळ्यांचं व्याकरण जरा विचित्र वागतं. कुठे 'तुम्ही' असा अर्थ असून क्रियापद तृतीय पुरुषाचं, कुठे एकाच शब्दाचे तीन-तीन अर्थ. माझं म्हणणं असं की यातल्या बहुतेक विचित्रपणाचं मूळ एकाच गोष्टीत आहे: हे सर्वनाम जन्माने सर्वनाम नाही, ते 'स्वतः' अर्थाचं पुल्लिंगी नाम आहे.

आधी ध्वनींचा हिशोब. 'त्म' या जोडाक्षराचं प्राकृतात दोन प्रकारे काय होतं, तर 'त्त' किंवा 'प्प'. पालीत 'अत्ता', महाराष्ट्री प्राकृतात 'अप्पा' आणि 'अत्ता' दोन्ही. सुरुवातीचा 'आ' ऱ्हस्व झाला, कारण पुढे द्वित्त व्यंजन आलं की प्राकृत आधीचा स्वर दीर्घ ठेवत नाही. पुढे मराठीपर्यंत येताना द्वित्त सुटं झालं आणि त्याची भरपाई म्हणून स्वर पुन्हा लांबला: अप्प > आप. हस्त > हत्थ > हात, सप्त > सत्त > सात, तशीच ही चाल. म्हणजे 'आपण'मधला 'आ' हा 'आत्मन्'मधला मूळचा 'आ' नव्हे. तो मध्ये हरवला आणि वेगळ्या कारणाने परत आला.

'ण'बद्दल: नकारान्त नामाचं प्राकृतात 'आण' किंवा 'अण' असं वाढीव अंग होतं. राजन् > रायाण, आत्मन् > अप्पाण / अप्पण. आपला 'आपण' या वाढीव अंगातून आला.

प्रतिसाद 1: नवखा

छान धागा. पण आमच्या व्याकरणाच्या तासाला 'आपला' हा 'आप्त'वरून आला असं शिकवलं होतं. आप्त म्हणजे नातलग, आपला माणूस. अर्थही जुळतो की.

प्रतिसाद 2: प्राकृतपाठ

अर्थ जुळतो म्हणूनच ही चूक इतकी टिकली आहे. ध्वनी जुळवून बघा. 'आप्त'मधलं जोडाक्षर 'प्त'. प्राकृतात 'प्त'चं 'त्त' होतं: सप्त > सत्त > सात, तप्त > तत्त > तातें (जुन्या मराठीत गरम या अर्थी). त्या नियमाने 'आप्त'चं मराठीत 'आत' व्हायला हवं, 'आप' नव्हे. 'प' शिल्लक राहायला 'त्म' किंवा 'त्व' यांसारखं जोडाक्षर लागतं. 'आप्तेष्ट'मधला 'आप्त' हा 'आप्' म्हणजे मिळणे, पोचणे या धातूचा. पाणी या अर्थाचा 'आपः'सुद्धा वेगळाच. आणि अप्पासाहेबांमधला 'अप्पा' द्राविडी, 'बाप' या अर्थाचा. दिसायला सारखे, घराणी चार.

प्रतिसाद 3: प्राकृतपाठ

वरच्याला पुरवणी. 'म'चा 'प' कसा होतो हे विचित्र वाटेल, म्हणून दाखला देतो. गुजरातेत गिरनारला अशोकाचे शिलालेख आहेत, इसवीसनपूर्व तिसरं शतक. तिथल्या बाराव्या लेखात 'स्वतःचा पंथ' या अर्थी 'आत्पपासंड' असा शब्द कोरला आहे. हाच लेख उत्तरेत कालसीला आहे, तिथे त्या जागी 'अत-' आहे (ब्राह्मी लेखनात द्वित्त दाखवत नसत, म्हणजे उच्चार 'अत्त'). एकाच राजाचा एकच मजकूर, एकीकडे 'त्प', दुसरीकडे 'त्त'.

'आत्प' हा मधला टप्पा दगडावर मिळाला, हे भाग्यच. त्म > त्प > प्प. 'त्' अघोष स्पर्श आहे. त्याच्या मागोमाग ओठ मिटून नाकातून 'म्' काढायचा, त्याऐवजी नाकाची वाट बंदच राहिली तर 'प्' निघतो. ओठांची जागा तीच. गिरनारलाच 'त्व'चंही 'त्प' होतं: चत्वारः चं 'चत्पारो', आणि 'मारून' या अर्थाचं 'आरभित्पा'. म्हणजे ही सुटी चूक नाही, त्या बोलीची रीत आहे.

प्राकृताचं व्याकरण लिहिणाऱ्या हेमचंद्राने 12व्या शतकात हे सूत्रात बांधलं: 'भस्मात्मनोः पो वा'. भस्म आणि आत्मन् यांतल्या जोडाक्षराला विकल्पाने 'प'. म्हणून भप्प आणि भस्स, अप्पा आणि अत्ता. त्याच ओघात रुक्मिणी > रुप्पिणी. आपली 'रखुमाई' मात्र या वाटेने आली नाही, तिथे जोडाक्षराच्या मध्ये स्वर घालून ते फोडलं.

प्रतिसाद 4: धातुपाठ

संस्कृतच्या बाजूचं थोडं, कारण तिथे चुका फार होतात. 'आत्मन्' नकारान्त पुल्लिंगी. आत्मा, आत्मानौ, आत्मानः. द्वितीया आत्मानम्, आत्मानौ, आत्मनः. पुढे आत्मना, आत्मने, आत्मनः, आत्मनि. 'भ्याम्, भिः, भ्यः, सु' यांच्या आधी 'न्' जातो: आत्मभ्याम्, आत्मभिः, आत्मसु. संबोधनात 'न्' टिकतो: हे आत्मन्.

प्रथमेचं रूप 'आत्मा' दिसतं, म्हणून लोक त्याला रमा-माला समजून चालवतात किंवा अकारान्त समजून 'परमात्माय नमः' लिहितात. 'परमात्मने नमः' हवं. 'आत्मस्य', 'आत्मेन' हीसुद्धा त्याच जातीची चूक.

दुसरा गोंधळ 'राजन्'शी तुलना केल्यामुळे होतो. राजन्चं राज्ञः, राज्ञा होतं, मध्ये 'अ' गळतो (पाणिनीची अष्टाध्यायी, सूत्र 6.4.134, अल्लोपोऽनः). मग आत्मन्चं 'आत्म्नः' का नाही? कारण 6.4.137: न संयोगाद्वमन्तात्. 'अन्'च्या आधी व किंवा म ने संपणारं जोडाक्षर असेल तर 'अ' गळत नाही. 'त्म्न' अशी तीन व्यंजनांची मोळी उच्चारायला नको म्हणून. 'ब्रह्मणः'मध्येही हाच नियम.

वेदात मात्र सुरुवातीचा 'आ'च गळालेली रूपं आहेत: त्मना, त्मनि. पाणिनीला ती ठाऊक आहेत (6.4.141, मन्त्रेष्वाङ्यादेरात्मनः).

प्रतिसाद 5: नवखा

आप्तचा हिशोब पटला. मग व्युत्पत्ती काय? 'आत्मा' म्हणजे श्वास असं वाचलंय, आणि ग्रीक 'आत्मोस' म्हणजे वाफ, त्यावरून इंग्रजी 'अ‍ॅटमॉस्फिअर'. तो आपलाच शब्द ना?

प्रतिसाद 6: धातुपाठ

पहिला भाग बरोबर, दुसरा नाही.

यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या ग्रंथात, दोन पर्याय दिले: 'आत्मा अततेर्वा आप्तेर्वा', म्हणजे 'अत्' (सतत जाणे) या धातूवरून किंवा 'आप्' (व्यापणे) वरून. उणादिसूत्रांनी (धातूंपासून शब्द साधणाऱ्या प्रत्ययांची सूत्रं) 'अत्' धरला आणि 'मनिण्' प्रत्यय लावला. तौलनिक भाषाशास्त्र त्याला 'श्वास' अर्थाच्या शब्दांशी जोडतं: जर्मन 'आटेम', डच 'आडेम', दोन्हींचा अर्थ आजही श्वास. ऋग्वेदातही तो अर्थ उघड दिसतो. अंत्येष्टीच्या सूक्तात (10.16.3) 'सूर्यं चक्षुर्गच्छतु वातमात्मा': डोळा सूर्याकडे जावो, आत्मा वाऱ्याकडे. डोळ्याची जोडी सूर्याशी, तशी श्वासाची वाऱ्याशी. इथे 'आत्मा'चा वेदान्तातला अर्थ घेतला तर ओळ विस्कटते.

ग्रीक 'आत्मोस' (वाफ) हा मात्र तुलनाकार वेगळ्या मुळाचा धरतात. ध्वनी आणि अर्थ जवळ असल्याने मोह होतो, पण 'आप्त'च्या बाबतीत जी चूक झाली तीच इथे होते.

प्रतिसाद 7: वर्णविचार

आता धाग्याच्या मुख्य मुद्द्याकडे. श्वास > शरीर, जीव > स्वतः. या शेवटच्या पायरीवर 'आत्मन्' संस्कृतातच सर्वनामाचं काम करू लागला. पण नाम असल्याची खूण त्याने सोडली नाही: कर्ता कोणत्याही लिंगाचा, कोणत्याही वचनाचा असो, 'आत्मन्' पुल्लिंगी एकवचनीच राहतो.

रघुवंशाच्या दहाव्या सर्गातली ओळ बघा: 'गुप्तं ददृशुरात्मानं सर्वाः स्वप्नेषु वामनैः'. दशरथाच्या राण्यांनी स्वप्नात स्वतःला वामनांनी राखलेलं पाहिलं. कर्ता 'सर्वाः', स्त्रीलिंगी बहुवचन. क्रियापद 'ददृशुः', बहुवचन. आणि कर्म 'गुप्तम् आत्मानम्', पुल्लिंगी एकवचन. 'गुप्ताः आत्मनः' असं कालिदास लिहीत नाही. गीतेतही 'उद्धरेदात्मनात्मानम्' (6.5): करण आणि कर्म दोन्ही तोच शब्द, दोन्ही एकवचन.

असा गोठलेला एकवचनी शब्द पुढच्या भाषांना मिळाला. प्राकृतात त्याचं षष्ठीचं रूप 'अप्पणो' तर अव्ययच झालं. हेमचंद्र स्पष्ट सांगतो की 'स्वयम्' या अर्थी 'अप्पणो' वापरतात. विभक्तीचा अर्थ संपला, नुसतं 'स्वतः' उरलं.

प्रतिसाद 8: पूर्वेकडून

बंगालीबद्दल सांगते, कारण तुमच्या मुद्द्याला तिथे चांगला आधार मिळतो.

बंगालीत 'तुम्ही' या अर्थी तीन पातळ्या: तुइ, तुमि, आपनि. क्रियापदं: तुइ करिस, तुमि कर, आपनि करेन. आता आदरार्थी 'ते' म्हणजे 'तिनि', त्याचं क्रियापद: तिनि करेन. म्हणजे 'आपनि'चं क्रियापद 'तुमि'शी जुळत नाही, 'तिनि'शी जुळतं. समोरच्याशी बोलतो, पण क्रियापद तृतीय पुरुषाचं. असमियात तर आदराचा वेगळा प्रत्ययही नाही, 'आपुनि'बरोबर साधं तृतीय पुरुषाचं 'करे' येतं.

हिंदीतही तेच. तुम हो, पण आप हैं. 'हैं' हे 'वे हैं'मधलं. कारण सरळ आहे: 'स्वतः' हे नाम आहे, आणि नामाला तृतीय पुरुष. समोरच्याला थेट 'तू' म्हणण्याऐवजी 'स्वतः' म्हणायचं, ही आदराची आडवाट, आणि क्रियापदाने ती जपून ठेवली.

बंगालीत 'आपन' हा वेगळा शब्दही आहे, अर्थ आपला, जवळचा. तत्सम 'आत्मा'चा उच्चार मात्र 'आत्ताँ'सारखा होतो, 'म' नुसता नासिक्य होऊन उरतो. लिहिताना 'त्म', बोलताना 'त्त'. पालीची आठवण येते, पण ही बंगालीची स्वतःची नंतरची चाल आहे, पालीशी तिचा संबंध लावू नये.

प्रतिसाद 9: मुद्रितशोधक

फार मोलाचा प्रतिसाद. पण मग मराठीचं काय? मराठीत 'आपण आहात' म्हणतो, 'आपण आहेत' नाही. गुजरातीतही 'आप छो', द्वितीय पुरुष. तुमचा नियम पश्चिमेला लागू होत नाही.

प्रतिसाद 10: वर्णविचार

बरोबर पकडलंत. पश्चिमेत क्रियापद अर्थाच्या मागे गेलं, रूपाच्या नाही. याचं एक कारण मला दिसतं: मराठी आणि गुजरातीत याच शब्दावर 'तुम्ही-आम्ही मिळून' या अर्थाचाही भार पडला. मराठी आम्ही / आपण, गुजराती अमे / आपणे, मारवाडी म्हे / आपां. पंजाबीतही 'आपां', सिंधीत 'पाण'. एकाच 'आपण'चे तीन अर्थ झाल्यावर ते वेगळे ठेवायचं काम क्रियापदाने अंगावर घेतलं. आपण गेलो, आपण गेलात. हिंदी-बंगालीत 'आप'चा अर्थ 'तुम्ही'वर ठरल्यामुळे क्रियापदाला ते करावं लागलं नाही. हा माझा तर्क आहे, पण उदाहरणं त्याच्या बाजूने आहेत.

प्रतिसाद 11: दक्षिणवारा

ऐकणाऱ्याला धरून 'आम्ही' आणि वगळून 'आम्ही' असा भेद संस्कृतात नाही. द्राविडी भाषांत तो आहे: तमिळ नाम / नांगळ, तेलुगू मनमु / मेमु, मल्याळम नम्मळ / ञंगळ. बोलीभाषेतल्या तमिळचं 'नाम' हे आपलं 'आपण', आणि 'नांगळ' हे 'आम्ही'. प्रमाण कन्नडमध्ये मात्र हा भेद गळाला, नुसतं 'नावु' उरलं. मराठी-गुजरातीत तो द्राविडी शेजारामुळे आला असं बरेच अभ्यासक मानतात.

त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. 'स्वतः' या सर्वनामाचं आदरार्थी 'आपण' होणं हे दक्षिणेतही घडलं आहे, वेगळ्या शब्दातून. तमिळ 'तान्' म्हणजे स्वतः, त्याचं बहुवचन 'तांगळ' म्हणजे आदरार्थी 'आपण'. कन्नड 'तानु' स्वतः, 'तावु' आदरार्थी. तेलुगू 'तानु' स्वतः, 'तमरु' आदरार्थी. शब्द द्राविडी, वाट तीच. 'आत्मन्'शी नातं नसलेला शब्द त्याच पायऱ्या चढतो, म्हणजे ही वाट या उपखंडात दोन्ही भाषाकुळांना सामाईक आहे.

तत्सम रूपं: तेलुगू, कन्नड 'आत्म', मल्याळम 'आत्मावु', तमिळ 'आन्मा' आणि जुन्या धाटणीचा 'आत्तुमा'. तमिळला 'त्म' हे जोडाक्षर मानवत नाही, म्हणून एकदा 'त'च्या जागी 'न' आणला, एकदा मध्ये 'उ' घातला.

प्रतिसाद 12: उत्तरकाठ

सिंधी आणि काश्मिरीत सुरुवातीचा स्वरच गेला. अप्पाण > सिंधी 'पाण', काश्मिरी 'पान' (स्वतः, शिवाय शरीर), 'पनुन' (आपला). काश्मिरीत शरीर हा अर्थ टिकला, हे विशेष. नेपाळीत 'आफू' आणि 'आफ्नो', तिथे 'प'चा 'फ' झालेला आहे.

प्रतिसाद 13: मुद्रितशोधक

आता मराठी लिखाणात रोज जे बिघडतं ते सांगतो.

'आपण तेथे जावे असे त्यांना वाटले.' हे वाक्य तीन प्रकारे वाचता येतं: त्यांनी स्वतः जावं, आपण सगळ्यांनी जावं, किंवा वाचकाने जावं. '-वे'चं रूप पुरुष दाखवत नाही, म्हणून क्रियापद मदतीला येत नाही. बातम्यांत 'आपण पद सोडणार नाही, असे त्यांनी सांगितले' हे सर्रास येतं. तिथे 'आपण'च्या जागी 'स्वतः' ठेवून बघा. अर्थ तोच राहिला तर तो आत्मवाचक. संदर्भाने उलगडा होत नसेल तर सरळ वाक्य मोडा: 'मी पद सोडणार नाही, असे ते म्हणाले.'

पत्रव्यवहारात सहायक क्रियापद गाळू नका. 'आपण येणार?' यात कोण येणार ते कळत नाही. 'आपण येणार आहात?' आणि 'आपण येणार आहोत?' यांत कळतं. सकर्मक भूतकाळात 'आपण पत्र पाठवले' हेही दोन अर्थांचं. समोरच्याने पाठवलं असेल तर 'आपण पत्र पाठवलेत', शेवटचा 'त' लावा. त्या एका 'त'वर अर्थ उभा आहे आणि हल्ली तोच गळतो.

'आपणने', 'आपणाने' करू नका. मी, तू, आम्ही, तुम्ही यांच्याप्रमाणे 'आपण'लाही कर्त्याच्या जागी 'ने' लागत नाही: आपण केले. 'आपल्याने हे होणार नाही' मधला 'ने' शक्यता सांगणारा, तो वेगळा. चतुर्थीत आदरार्थी किंवा बहुवचन असेल तर अनुस्वार: आपणांस.

आणि हिंदीच्या सावलीने येणारं 'मी आपले काम करतो', 'तू आपले पुस्तक घे'. हिंदीत कर्ता कोणीही असो, 'अपना'च लागतं: मैं अपना काम करता हूँ. मराठीत प्रथम-द्वितीय पुरुषाला 'माझे, तुझे' हवं. 'आपला' मुख्यतः तृतीय पुरुषाच्या कर्त्याला: तिने आपली वही उघडली.

प्रतिसाद 14: ओवीकार

शेवटच्या मुद्द्याला एक अपवाद, आणि तो अस्सल मराठी आहे: 'मी आपला गप्प बसलो', 'ती आपली ऐकत राहिली', 'मी आपलं सहज विचारलं'. हा 'आपला' मालकी दाखवत नाही. बोलणारा आपल्या कृतीचं वजन कमी करतो: विशेष काही नाही, सहज. तो लिंग-वचनाने बदलतो (आपला / आपली), पण 'आपलं' असा न बदलता अव्ययासारखाही येतो. भाषांतर करताना याला हात लावला की वाक्याचा जीव जातो. मुद्रितशोधनात तो चुकून खोडला जातो, तेवढं जपा.

'आपापला'सुद्धा सांभाळून. तो वाटणीचा आहे, प्रत्येकाचा वेगळा. 'सगळे आपापल्या खोलीत गेले' बरोबर. 'तो आपापल्या खोलीत गेला' चूक.

प्रतिसाद 15: नवखा

'आत्मा'चं लिंग? 'त्याची आत्मा' असं बऱ्याच ठिकाणी दिसतं.

प्रतिसाद 16: मुद्रितशोधक

मराठीत 'तो आत्मा', संस्कृतप्रमाणे पुल्लिंगी. हिंदी आणि पंजाबीत 'आत्मा' स्त्रीलिंगी, कारण तिथे 'आ'कारान्त तत्सम शब्द बहुतेक स्त्रीलिंगी धरले जातात. 'महिमा'चंही तसंच: संस्कृत आणि मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. गंमत म्हणजे हिंदीतही 'परमात्मा', 'महात्मा' पुल्लिंगीच राहिले. मराठीतलं 'माझी आत्मा' हिंदी संवादांच्या भाषांतरातून आलं आहे. सामान्यरूप 'आत्म्या-', नेता > नेत्याला तसं आत्मा > आत्म्याला. अनेकवचन 'आत्मे'.

याच घरातला आणखी एक बारकावा. 'महात्मा'चं सामान्यरूप 'महात्म्या-': महात्म्याचे विचार. पण थोरवी या अर्थाचं नाम 'माहात्म्य', पहिला स्वर दीर्घ, कारण भाववाचक प्रत्ययामुळे आदिवृद्धी झाली: गुरुमाहात्म्य, देवीमाहात्म्य. 'महात्म्य' असं नाम नाही. तसंच 'अध्यात्म', पण 'आध्यात्मिक'. 'अध्यात्मिक' चूक.

प्रतिसाद 17: धातुपाठ

व्याकरणाच्या धाग्यात 'आत्मनेपद' राहून कसं चालेल. तो शब्दच नियमाला अपवाद आहे. समासात आतल्या पदाची विभक्ती गळते, मग 'आत्मने'मधली चतुर्थी कशी टिकली? पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्र केलं (6.3.7, वैयाकरणाख्यायां चतुर्थ्याः): व्याकरणातल्या संज्ञेत चतुर्थी गळत नाही. पुढच्याच सूत्राने 'परस्मैपद'.

अर्थ 1.3.72 मध्ये: स्वरितञितः कर्त्रभिप्राये क्रियाफले. क्रियेचं फळ कर्त्याला मिळत असेल तर, उभयपदी (दोन्ही पदांत चालणाऱ्या) धातूंना, आत्मनेपद. यज्ञ ज्याच्यासाठी आहे तो 'यजते', त्याच्यासाठी करणारा ऋत्विज 'यजति'. म्हणून 'यजमान': 'मान' हा आत्मनेपदाचा कृदन्त प्रत्यय. घरी पाहुणा आला की आपण ज्याला यजमान म्हणतो त्या शब्दात हे सूत्र अजून शाबूत आहे. सगळ्याच धातूंना हा अर्थभेद लागू नाही, हेही सांगायला हवं. 'एध्', 'लभ्' यांसारखे कित्येक धातू अर्थाचा विचार न करता आत्मनेपदीच चालतात.

प्रतिसाद 18: ओवीकार

मराठीत आत्मनेपद उरलं नाही, पण त्याचं काम उरलं. ते 'घेणे' आणि 'देणे' यांनी वाटून घेतलं. 'करून घेतलं' म्हणजे फळ कर्त्याला, 'करून दिलं' म्हणजे फळ दुसऱ्याला. तुकोबांची ओळ पाहा: 'आपुला तो एक देव करूनि घ्यावा'. 'आपुला' हा आत्मन्चा वंशज, आणि 'करूनि घ्यावा' हे आत्मनेपदाचं मराठी रूप. नुसतं 'करावा' म्हटलं असतं तर फळ कोणाला ते कळलं नसतं.

'आपुला'बद्दल: हा अप्प + उल्ल. हेमचंद्राने 'त्या ठिकाणी असलेला' या अर्थी 'इल्ल' आणि 'उल्ल' प्रत्यय सांगितले, त्यात 'अप्पुल्ल' हे उदाहरणच आहे. अप्पुल्ल > आपुला > आपला. मधला 'उ' संतांच्या वाणीत अजून ऐकू येतो: 'आपुलाचि वाद आपणांसी'. एका चरणात दोन्ही रूपं, एक 'उल्ल'च्या वाटेने, दुसरं 'अण'च्या.

प्रतिसाद 19: प्राकृतपाठ

ओवीकारांच्या 'आपुला'ला जोडून एकच. जुन्या मराठीत 'आपणपें' शब्द आहे, ज्ञानेश्वरीत वारंवार, अर्थ स्वत्व, स्वतः. त्यातला शेवटचा 'पें' आणि आजच्या 'आपलेपण'मधला 'पण' हे प्रत्यय एकाच घरचे. 'पण' येतो वैदिक 'त्वन'वरून: अपभ्रंशात (प्राकृतानंतरच्या भाषेत) 'त्व'च्या जागी 'प्पण', हेमचंद्राचं उदाहरण 'वड्डप्पणु', म्हणजे मोठेपण. त्व > प्प. गिरनारच्या 'चत्पारो'मध्ये जे घडलं तेच.

तेव्हा 'आपलेपण' हा शब्द सावकाश उच्चारून बघा. त्यात 'प' दोनदा येतो. पहिला 'आत्मन्'मधल्या 'त्म'चा, दुसरा 'त्वन'मधल्या 'त्व'चा. दोन्हींचे मधले टप्पे गिरनारच्या त्याच खडकावर 'त्प' म्हणून कोरलेले आहेत.

प्रतिसाद 20: वर्णविचार

हे दोन 'प' माझ्या लक्षात आलेच नव्हते. मूळ धाग्यात दुरुस्ती करून घालतो. पूर्वेकडून, ओडियातल्या 'आपण'चं क्रियापद तृतीय पुरुषाच्या बाजूचं की द्वितीय, आणि त्याचं अनेकवचन कसं करतात, ते उदाहरणासकट लिहाल का? पूर्वेचा हिशोब त्याशिवाय अर्धा राहतो.